एक पाटा वाढवा

आमच्या जुन्नर तालुक्यात पिकअपच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध चालतं, ते म्हणजे सस्पेन्शनचा एक पाटा वाढवणं. गाडी मागून बसते? पाटा वाढवा. वळणावर झोल खाते? पाटा वाढवा. चिखलात चाक जागच्या जागी फिरतं? त्याचा पाट्याशी फारसा संबंध नाही, पण आलाच आहात तर वाढवून टाका. नवी गाडी शोरूममधून निघाली की आधी देवळात जाते, नारळ फुटतो, आणि तिथून बरेचजण थेट पाटेवाल्याचं दुकान गाठतात. कंपनीच्या इंजिनिअरांनी डोकं लावून ठरवलेले पाटे आपल्या मालाला पुरणार नाहीत, या एका मुद्द्यावर गावातले सगळे पक्ष एकत्र येतात.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, घरचा टोमॅटो आहे, आणि पिकअप धाकट्या दिरांची आहे. पहिल्या दोन गोष्टींमुळे मला त्या गाडीबद्दल मत आहे. तिसरीमुळे ते कुणी विचारत नाही. एसटी चुकली की मी भावोजींबरोबर मधल्या जागेवर बसून शाळेला जाते. तिथे गिअरची दांडी गुडघ्याला लागते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची नोंद मणक्यात होते. सस्पेन्शनवर मत द्यायला याहून मोठी पात्रता काय हवी?

आता या जागेवरून दिसलेली गोष्ट सांगते. भरलेली पिकअप गुणी असते. टोमॅटोचे कॅरेट रचून नारायणगावच्या मार्केटला निघाली की सावकाश, डुलत, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी जाते. माल उतरला, हौदा रिकामा झाला, की तिच्या अंगात येतं. महामार्गावरच्या जराशा उंचवट्यावर मागचा भाग आधी वर उडतो आणि खाली येताना थोडा डावीकडे सरकतो. भावोजी म्हणतात, “गाडी रस्ता धरत नाय वहिनी, एक पाटा वाढवायला पाहिजे.”

खरं तर पाटे आधीच जास्त कडक होते म्हणून ती उडत होती. दीड-पावणेदोन टन ओझं पेलायला बनवलेले पाटे रिकाम्या हौद्याखाली वाकायलाच तयार नसतात. खड्डा आला की चाकानं वरखाली व्हावं आणि गाडीनं जागेवर राहावं, अशी मूळ वाटणी आहे. पाटा वाकला नाही तर चाकाबरोबर गाडीही उडते आणि चाक क्षणभर हवेत राहतं. हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण कळतं. त्यात आणखी पाटा घालायचा! सात पाट्यांत तेवढ्याच जाडीचा आणि लांबीचा आठवा घातला तर कडकपणा साधारण सातव्या हिश्श्यानं वाढतो. जाडीचा हिशेब तर आणखी भयंकर असतो. पाट्याची जाडी दुप्पट केली की तो आठपट कडक होतो. हे मी फळ्यावर मांडून दाखवायला तयार होते. पण भावोजी म्हणाले, दहावीपर्यंत फळ्यासमोर बसलो तेवढं पुष्कळ झालं.

आमच्या ह्यांचा युक्तिवाद वेगळाच. पाटा वाढवला की माल जास्त भरता येतो. म्हटलं, अहो, माल भरता येतो, पण आरसी बुकातला आकडा तेवढाच राहतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल उतरवून घ्यायचा खर्च आपलाच. टोमॅटोच्या मंदीत अख्ख्या गाडीची पट्टी तेवढी येत नाही. यावर हे गप्प बसले. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “आमच्या बैलगाडीला कुठं होते गं पाटे?” नव्हते, आणि म्हणूनच त्यांचे गुडघे आज असे आहेत, हे मी मनातच ठेवलं.

शेवटी आम्ही आळेफाट्याजवळ एका पाटेवाल्या मिस्त्रींकडे गेलो. सुट्टीचा दिवस होता, मीही गेले. मिस्त्रींनी काही विचारलं नाही. मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून अंगाचा भार टाकला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली, परत खाली, परत वर, आणि बराच वेळ स्वतःशीच मान हलवत राहिली.

“शॉकअप मेलेत,” मिस्त्री म्हणाले.

“पाटा वाढवायचाय,” भावोजी म्हणाले.

“शॉकअप मेलेत,” मिस्त्रींनी परत सांगितलं, आणि खाली सरकले.

लोकांना वाटतं की हादरे शॉकअप खातो. हादरे पाटा खातो. शॉकअपचं काम त्याला नंतर शांत करण्याचं. त्याच्या आतलं तेल बारीक भोकांतून जाताना पाट्याची उसळी मुरते. तेल गळून गेलं की पाटा एका खड्ड्याचं दुःख पुढच्या चार खड्ड्यांपर्यंत उगाळत बसतो. आमच्या दोन्ही शॉकअपच्या अंगावर तेल आणि धुळीचा काळा लेप होता. भावोजी तो दर रविवारी पाण्याच्या फवाऱ्यानं धुवायचे आणि गाडी किती छान ठेवलीय म्हणून समाधान पावायचे.

मग बुश निघाले. मुख्य पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवून डोळे केलेले असतात, त्यात बुश बसतात. एक टोक चेसिसला पक्कं आणि दुसरं शॅकलवर झुलतं, कारण दबला की पाटा लांब होतो आणि त्याला सरकायला जागा लागते. आमचा डावा बुश जुन्या स्लिपरच्या टाचेइतका झिजला होता. परिणाम असा की डाव्या बाजूचा ॲक्सल जरा मागेपुढे सरकायचा आणि मागची चाकं स्वतःच्या मतानं वळायची. पुढे भावोजी स्टिअरिंग एकीकडे फिरवतायत, मागे दुसरंच कुणीतरी दुसरीकडे नेतंय. आमच्या एकत्र कुटुंबात हे इतके दिवस कुणाला वेगळं वाटलं नाही, यात नवल नाही. आवाजही येत होता म्हणा. जवळच खोडदला 45 मीटर व्यासाच्या तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, अशा 30 तबकड्या दूरच्या दीर्घिकांकडून आलेल्या रेडिओलहरी टिपतात. त्या आवाज ऐकत नाहीत, हे मी सहलीत पोरांना बजावून सांगते. ऐकत असत्या तर आमच्या डाव्या बुशाची नोंद शास्त्रज्ञांनी कधीच केली असती.

पाट्यांच्या चळतीत तिसरा पाटा मधोमध तुटलेला सापडला. भावोजींनी लगेच सुचवलं की बाकीचे भट्टीत तापवून पुन्हा कमान आणावी, म्हणजे गाडी मागून उंच दिसेल. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. “लाल केला की पाट्याचं पाणी उतरतं. चार दिवस उंच दिसंल, मग परत बसंल.” शिवाय उंचीचा आणखी एक घोळ त्यांनी दाखवला. मागच्या ॲक्सलला एक बारीक दांडी जोडलेली होती, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हकडे जाते. गाडी किती दबली यावरून तो व्हॉल्व्ह माल किती आहे ते ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढंच बळ देतो. पाटे चढवून गाडी उंच केली, की भरल्या गाडीतही त्याला हौदा रिकामाच वाटतो, आणि उतारावर मागचे ब्रेक कमी लागतात. माळशेज घाट उतरताना हा गैरसमज परवडणारा नाही. भावोजी पहिल्यांदा विचारात पडले.

राहिला चिखल. पावसाळ्यात आमच्या पाणंदीतल्या काळ्या मातीत रिकामी पिकअप हमखास अडते. एक चाक फिरतं, दुसरं बघत बसतं. साध्या डिफरन्शिअलचा न्यायच तसा आहे. ज्या चाकाला कष्ट कमी, तेच फिरणार, म्हणून घसरणाऱ्याची चैन आणि पकड असलेल्याला सुट्टी. गावातला उपाय म्हणजे फळक्यावर चार पोरं उभी करून नाचवायची. मागच्या ॲक्सलवर वजन येतं, तेव्हा तत्त्व बरोबर आहे. फक्त चाकानं अचानक पकड घेतली की गाडी पुढे जाते आणि पोरं चिखलात राहतात. मी वाळूची पोती सुचवली. ती मात्र अगदी मागे टाकायची नाहीत, बरोबर ॲक्सलवर दोरीनं बांधायची, कारण फार मागे टाकली तर पुढची चाकं हलकी होऊन वळतच नाहीत. टायरची हवा थोडी उतरवली की टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. डांबरीवर चढण्याआधी ती परत भरायची. आणि टायरचा गोटा झाला असेल तर पोती, पोरं, पाटे सगळं व्यर्थ. आमचे मागचे दोन्ही गोटेच झाले होते. टायरच्या पैशांत किती पाटे येतात, याचा भावोजींनी तोंडी हिशेब केला. हा गडी दहावीत गणितात कसा राहिला कुणास ठाऊक.

शेवटी नवे बुश, शॉकअपची जोडी, तुटलेल्याच्या जागी त्याच मापाचा पाटा आणि मागे दोन टायर असं काम ठरलं. वर भावोजींचा मान राखायला मिस्त्रींनी हेल्पर पाट्याचा तोडगा काढला. तो चळतीपासून थोडा सुटा राहतो. गाडी रिकामी असताना कशालाच टेकत नाही, माल पडून गाडी दबली की मगच खांदा देतो. त्यामुळे भरली गाडी मागून बसत नाही, नाक वर करून हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत मारत नाही, आणि मूळ उंचीही तीच राहते. भावोजी गावभर सांगत सुटले, “पाटा वाढवला, मग बघा कशी रस्ता धरती!” दुसऱ्याच दिवशी शेजारचे दोघं पाटा वाढवून आले. त्यांच्या शॉकअपकडे कुणी पाहिलं नाही.

गाडी आता खरंच चांगली चालते. मधल्या जागेवर बसून मी परवा वह्यासुद्धा तपासल्या. मिस्त्रींनी निघताना बजावलं होतं की नव्या कामात पाटे बसतात आणि त्यांना ॲक्सलशी आवळून धरणारे यू बोल्ट सैल पडतात, म्हणून आठवड्याभरात येऊन आवळून घ्या. सैल यू बोल्टनं सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल जागा सोडतो. आवळून द्यायचे पैसेही मिस्त्री घेत नाहीत. भावोजी म्हणतात, टोमॅटोचा तोडा संपला की जाऊ. मी या शनिवारी त्यांना घेऊन जाणार आहे. तुमचीही गाडी नुकतीच पाटेवाल्याकडून आली असेल, तर यू बोल्ट आवळून घ्या.