बीडी, बाटली आणि गाळ

२०२२ साली भोपाळात हिंदी एमबीबीएसची पुस्तकं निघाली आणि लगोलग आपल्याकडेही मराठीतून डॉक्टरकीची घोषणा झाली. तेव्हापासून वैद्यकाच्या मराठी परिभाषेची काळजी वाहणारे पावसाळ्यातल्या डासांसारखे वाढलेत. मराठीत शब्दच नाहीत म्हणे!

या मंडळींनी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ओपीडीच्या रांगेत तासभर उभं राहावं. एक्स-रे म्हणजे फोटो, सलाईन म्हणजे बाटली, प्लेटलेट्स म्हणजे नुसत्या पेशी, पक्षाघात म्हणजे लकवा. कुठल्याही समितीची बैठक न होता, चहा-बिस्किटांचा खर्च न होता हे शब्द रुजले. अडचण आहे ती डॉक्टरांच्या शब्दांची. गोळी दिवसातून दोनदा घ्यायची, तर कागदावर ‘बीडी’. मुळात ते लॅटिन. पण ‘बीडी घ्या’ म्हटलं की आमचा म्हातारा खिसा चाचपतो. मग औषधाच्या दुकानातलं पोरगं ‘एक-शून्य-एक’ लिहून देतं आणि वैद्यकशास्त्र वाचतं.

यवतमाळला वैद्यकीय महाविद्यालय आलं १९८९ साली. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात अगदी पहिल्याच महिन्यात स्थानिक भाषा शिकवायची सोय आहे. केरळ-राजस्थानातली पोरं ‘आपणास कोठे वेदना होत आहेत?’ असं घोकून वॉर्डात येतात. समोरची आजी म्हणते, “पोटात कालवाकालव होऊन राह्यली, हातपाय गयून गेले जी.” पोरगं वहीत ‘गयून’ शोधत बसतं. झरी-मारेगावच्या पोडावरून आलेली कोलाम बाई तर मराठीही परकी म्हणूनच बोलते. तिच्यासाठी कुठला महिना?

कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणं पाठ व्हावीत म्हणून विद्यार्थ्यांना एक शब्द देतात: ‘स्लज’. इंग्रजीत त्याचा अर्थ गाळ. लाळ, डोळ्यांतलं पाणी, लघवी, जुलाब, पोटातली कळ, ओकारी यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो गाळ. परीक्षेत त्याला पूर्ण गुण. कपाशीत फवारा मारून आलेला माणूस हेच सांगतो: “तोंडाले पाणी सुटून राह्यलं, डोये गयतात, ओकाऱ्या होतात.” त्याला मात्र आधी केसपेपर काढून आणायला सांगतात. २०१७च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-मजूर गेले. त्यांच्यापैकी कुणाला ‘ऑर्गॅनोफॉस्फरस’ म्हणता येत नव्हतं. ‘औषध लागलं’ एवढं म्हणता येत होतं. हो, आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात. परिभाषा समितीने निदान हा एक शब्द तरी हाती घ्यावा.

तोवर वाचकहो, फवारणीनंतर गरगरलं तर अंगावरचे कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जाताना औषधाचा डबा सोबत न्या. त्यावरचं नाव डॉक्टरला वाचता येतं.