कर्नल आणि पाट

आमच्या घरमालकांना मी मनातल्या मनात कर्नल म्हणायचो. सैन्यात ते एक दिवसही नव्हते. सगळी हयात विमा कचेरीत गेली. पण लेस्टरच्या त्या घरात, माळ्यावरच्या बुटांच्या खोक्यांत त्यांच्या पाच फौजा होत्या. शिपाई शिशाचे, २८ मिलिमीटरचे, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे. एच. जी. वेल्सनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून थोरामोठ्यांना जमिनीवर पालथं पडून लढायची मुभाच दिली होती. कर्नलना मात्र लढायला सवड नव्हती. ते कायम पाट बदलत.

पाट म्हणजे शिपाई ज्यावर चिकटवतात ती पट्टी. ते ‘बेस’ म्हणत, मला आपले पाट-चौरंगच आठवायचे. साठ मिलिमीटरच्या पाटावर चौघांना दाटीवाटीनं उभं करावं, तर नियमांचं नवं पुस्तक येणार आणि म्हणणार, पन्नास! मग अख्खी पलटण रात्रभर फ्रीझरमध्ये. सुपरग्लू, म्हणजे आपलं फेविक्विक, थंडीनं ठिसूळ होतं आणि सकाळी सुरीचं टोक लावलं की शिपाई टक्‌कन सुटतो. मटार काढायला गेलं की हाताला घोडदळ लागे.

जुना रंग उतरवायला डेटॉल. बरण्यांमध्ये ग्रेनेडियर लोणच्यासारखे मुरत ठेवलेले. घरात पाऊल टाकलं की बाळंतिणीच्या खोलीत आल्यासारखं वाटे. एकदा मदतीच्या उत्साहात मी एक शिपाई बरणीतून काढून थेट नळाखाली धरला. सुटलेल्या रंगाला पाणी लागलं मात्र, त्याचा चिकट राडा झाला; शिपाई, ब्रश आणि माझी तीन बोटं एक झाली. “पाणी नाही! आधी डेटॉलमध्येच घासायचं!” कर्नल कडाडले. त्यांची युद्धगर्जना मी ऐकली ती तेवढीच.

मी जालन्याचा, हे कळल्यावर ते खुर्चीतून उठलेच. “असई!” २३ सप्टेंबर १८०३ची लढाई, इकडे इंग्रजांचा वेलस्ली, तिकडे शिंदे-भोसले. आमच्या जिल्ह्यातल्या त्या गावावरून मी फक्त एसटीनं गेलो होतो. यांना केळणा नदी कुठे, जुई कुठे, सारं तोंडपाठ. शिंद्यांच्या तोफखान्याच्या पाटांवर ते गोंद, वाळू आणि वरून गवताचा भुरका चिकटवत होते. मी म्हटलं, दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही अळीव पेरतो, खरंखुरं उगवतं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “किती मिलिमीटर?”

अखेर लढाईची तारीख ठरली, अर्थातच २३ सप्टेंबर. जेवणाच्या टेबलावर निळ्या कागदाची केळणा वाहू लागली. मी शिंद्यांकडून. दोनशे वर्षांची बाकी वसूल करायची म्हणून बाह्याही सरसावल्या. कर्नलनी फासे हातात घेतले, खुळखुळवले, आणि परत खाली ठेवले. खिशातून पट्टी काढून त्यांनी माझ्या पहिल्या पलटणीचा पाट मोजला. पुन्हा मोजला.

“दोन मिलिमीटर जास्त आहे.”

घरमालकीणबाईंनी एक शब्द न बोलता फ्रीझर उघडला आणि मटार बाहेर काढले.