रा. रा. बिबटेराव यांस चांदीपहून पत्र

प्रति,
रा. रा. बिबटेराव,
मु. तुंगारेश्वर अभयारण्य,
ता. वसई, जि. पालघर.

विषय : आपली मावशी हरवल्याबाबत.

सा. न. वि. वि.

मांजर ही मावशी खरं तर वाघाची. पण आमच्या तालुक्यात वाघ उरला नाही, तेव्हा नात्याचं ओझं चुलतभाऊ म्हणून तुमच्याच गळ्यात पडतं. म्हणून कळवते की आपली मावशी, ऊर्फ आमची ठकी, आज पंधरा दिवस घरी नाही.

वर्णन असं. कबरी. पांढऱ्यावर काळे नि पिवळे ठिपके. डावा कान फाटलेला. तो एका बोक्याशी झालेल्या मतभेदात फाटला. गळ्यात लाल नाडी आणि तिला घुंगरू. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा उंदरांना पिढ्यान्‌पिढ्या पडलेला प्रश्न मी दीड रुपयाच्या नाडीत सोडवला होता, त्याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली.

लावणीचे दिवस. घरात मी आणि नातू, बाकी सगळे शेतात. शेजारच्या चाळीसाठी पत्र्यांचा टेम्पो आला आणि पोरांनी पत्रे एकावर एक असे आपटले की ओट्यावर अंगाचं मुटकुळं करून झोपलेली ठकी जी उडाली, ती दिसेनाशीच झाली. आधी आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. भूक लागली की येईल. रात्री बोंबील भाजले, वास पार रस्त्यापर्यंत गेला. दोन कुत्रे आले, एक शेजारी आला. ठकी आली नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाने वहीचं पान फाडून जाहिरात लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीवर घरात भांडण पेटलं. ‘मांजर हरवले आहे’ की ‘मांजर हरवली आहे’? नातवाच्या शाळेत ते मांजर. माझ्या माहेरी ती मांजर. सून म्हणाली, ‘मांजरी’ लिहा नि मोकळे व्हा. त्यावर मुलगा म्हणाला, म्हणजे सापडलेला बोका कुणी आणून देणार नाही. दुपार अशी गेली. शेवटी नातवाने ‘ठकी हरवली’ एवढंच लिहिलं आणि खाली खडूने तिचं चित्र काढलं. ते पाहून नाक्यावर एकाने विचारलं, गाय कितीला घेतली होती?

मग मी एका कार्यालयात गेले. कुठल्या ते सांगत नाही, तुम्हालाही तिथूनच कामं करून घ्यायची असतात. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि विचारलं, ‘आजी, बिबट्याने नेली का?’ म्हटलं, ठाऊक नाही. ‘मग अवघड आहे.’ म्हटलं, नेली असली तर? ‘तरी अवघडच. गाय, बैल, शेळी असती तर पंचनामा झाला असता, भरपाईचा कागद हलला असता. मांजर पशुधनात बसत नाही हो.’ मी म्हटलं, ती कुठेच बसत नाही, तोच तर प्रश्न आहे. पुण्याच्या महापालिकेने 2022 साली मांजरांचीही नोंदणी करायची ठरवली तेव्हा आम्ही इथे हसलो होतो. आता वाटतं, पुणेकरांना मांजराचा स्वभाव कळला असावा. निदान कागद तरी घरात राहतो.

आता तुमची माफी मागायची आहे, ती नीट सांगते.

फोनवर सुनेने वाचलं की मांजर रात्री शोधावं. डोळ्यांच्या आत, मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो, त्यावर विजेरीचा झोत पडला की डोळे चमकतात. म्हणून तिसऱ्या रात्री, पाऊस थांबल्यावर, मी विजेरी घेऊन बांधाबांधाने निघाले. डोळे पुष्कळ चमकले. शेळीचे चमकले. फणसावर उदमांजराचे चमकले. बेडकांचे तर किती! ठकीचे नाहीत. ओढ्याच्या कडेला मी वाकून, आवाज बारीक करून ‘ये गं, ये गं बाय’ म्हणत होते. पलीकडच्या काठाला दोघे मुठे पकडायला आले होते. त्यांनी काय पाहिलं असेल ते तुम्हीच ताडा. अंधारात खाली वाकलेलं काहीतरी, एक उजेड आणि घशातला आवाज. मुठ्यांची बादली तिथेच टाकून दोघे पळाले.

सकाळी साडेसहाला सुनेच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलं : चांदीपमध्ये बिबट्या. सातला त्याला बछडे झाले. आठला व्हिडिओ आला. त्यात मागे चक्क नारळाची बाग आणि मल्याळी पाटी होती, तरी लोकांनी ‘हा आपला ओढाच’ म्हणून ओळखला. संध्याकाळी पन्नासेक माणसं काठ्या, पत्र्याचे डबे नि फटाके घेऊन निघाली. त्यांच्यात मीही होते. नाही म्हणायला तोंड नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव मांजर शोधायला बाहेर पडलं होतं, फक्त चुकीचं. पत्र्याच्या आवाजाने पळालेली ठकी कुठे जवळपास दडली असलीच, तर ते डबे ऐकून आणखी आत सरकली असणार. त्या रात्री तुमच्या नावाने जो शिमगा झाला, त्याचं मूळ मी आहे. क्षमस्व.

बाकी तुमचा थाट मोठा, हे कबूल करायला हवं. 2003 साली तुंगारेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे 85 चौरस किलोमीटरचं रान, इकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला नि तिकडे तानसाच्या जंगलाला जोडणारं. आम्हाला विरारला जायला शेअर रिक्षा मिळत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी एक जण वसईच्या किल्ल्यात मुक्कामाला आले, तर त्यांच्यासाठी पिंजरे लागले, कॅमेरे लागले, वर्तमानपत्रांत रोज मजकूर आला. सुमारे पंचवीस दिवसांनी ते एकदाचे पिंजऱ्यात गेले. तुमच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, म्हणून फोटो काढून ओळख पटवतात. ठकीचेही ठिपके वेगळेच होते. तिचा फोटो मात्र एकच, त्यातही ती अर्धी बाहेर गेलेली.

आता मुद्द्याचं विचारते. राग मानू नका. तुमच्यावर संशय घ्यायला आधार नाही असं नाही. नगर जिल्ह्यात अकोल्याच्या बाजूला अभ्यासकांनी तुमच्या भाऊबंदांची विष्ठा गोळा करून तपासली. त्यात सगळ्यात जास्त कुत्री निघाली, आणि त्यांच्या खालोखाल मांजरं. हे सुनेने वाचून दाखवलं तेव्हा नातू समोर बसला होता. मावशीला खाणारा भाचा आमच्या ओळखीत नाही. वाटणीवरून कोर्टात खेचणारे आहेत.

पण आधार तुमच्या बाजूनेही आहे. परदेशातल्या 1210 हरवलेल्या मांजरांची एक पाहणी 2018 साली छापून आली. त्यातली एक-तृतीयांश मांजरं आठवड्याच्या आत परत मिळाली, वर्षभरात 61 टक्के. सापडलेल्यांतली तीन-चतुर्थांश पाचशे मीटरच्या आतच होती. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ओसरीखाली, अंग चोरून, हाक ऐकूनही ओ न देता. माझी आई म्हणायची, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. एवढ्या पाहणीतून निघालं काय, तर तीच सात घरं.

म्हणून मी ती सात घरं धरली. सहा पाहून झाली. माळे, पेंढ्याच्या उडव्या, बंद मोरी, सगळं. लोकांनी उघडून दाखवलं, पण तोंडाने एकच : ‘कशाला शोधताय आजी, बिबट्याने नेली.’ बसल्या जागेवरून उठायचं नसलं की तुमचं नाव फार सोयीचं पडतं. कोंबडी गेली, बिबट्या. चप्पल गेली, तरी एक जण म्हणाला, बिबट्या. सातवं घर तेवढं राहिलंय. ते कुलूपबंद आहे, मालक वसईला असतात, चावी रविवारी येणार आहे.

तोवर आपणास विनंती. मावशी तिकडे दिसल्यास तिला ओढ्याच्या अलीकडे आणून सोडावी. आपण रात्री आठनंतर यावं, पण नाक्याकडून येऊ नये, डबे अजून तिथेच ठेवलेत. आणि घडू नये ते घडलं असलं, तर मी काही म्हणणार नाही, तुमचंही पोट आहे. फक्त ते घुंगरू आमच्या बांधावर ठेवून द्यावं. तुमच्या ते कामाचं नाही, आणि नातू अजून दूध वाटीत ओतून ठेवतो.

कळावे,
ठकीच्या घरची आजी,
मु. चांदीप