दादरच्या डब्यातलं ॲव्होकाडो

सुरतच्या नवागाम-दिंडोलीत मराठी शोधत हिंडावं लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने येऊन उधन्याला उतरली, लूमवर लागली आणि इथलीच झाली. अशाच एका घरच्या जिभाऊंच्या पिशवीतून परवा ॲव्होकाडो निघालं. कोलेस्टेरॉल जास्त असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उपाय मोबाइलवरच्या व्हिडिओने सुचवला.

"हाई काय शे रे, भाऊ?" त्यांच्या म्हाताऱ्या आईने, म्हणजे घरातल्या आजींनी, फळ हातात घेऊन विचारलं. आणि लगेच, "कितलाले लिधं?"

दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी जिभाऊंना नेमका फोन आला.

फळ दगडासारखं होतं. आजींनी ते दादरच्या डब्यात पुरलं. (मुंबईचं दादर नव्हे, खानदेशातली रब्बीची ज्वारी.) चौथ्या दिवशी देठाजवळ अंगठा रुतला आणि जिभाऊंनी घरच्यांना गोळा करून व्याख्यान सुरू केलं.

व्याख्यानात खोटं काही नव्हतं. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश, त्यातला बहुतेक हृदयाला मानवणाऱ्या ओलेइक आम्लाचा. तंतू जवळपास ७ ग्रॅम, पोटॅशियम ४८५ मिलिग्रॅम, साखर नावापुरती. मधुमेह्याला केळ्यापेक्षा हे परवडतं, हेही मान्य करायला हवं. मात्र शेंगदाण्याच्या तेलातही सगळ्यात मोठा वाटा ओलेइक आम्लाचाच असतो, आणि जिभाऊंच्या फोडणीत ते तेल पिढ्यान् पिढ्या पडत आलंय. अर्ध्या ॲव्होकाडोएवढं पोटॅशियम एका बऱ्यापैकी केळ्यातही मिळतं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मोबाइलवर तिचं कौतुक करायला कोणी गोरी बाई आली नाही. माल एकच, पण एकाला जाहिरात लाभली.

ही कला जुनी आहे. कॅलिफोर्नियात या फळाला पूर्वी मगर-नासपती म्हणत. असल्या नावाचं फळ कोण घेणार? १९१५ साली बागायतदार एकत्र जमले आणि त्यांनी 'ॲव्होकाडो' हे नाव रूढ करायचं ठरवलं. शंभर वर्षांनी मगरीचं सुपरफूड झालं.

हार्वर्डच्या संशोधकांचा २०२२ चा अभ्यास जिभाऊंना तोंडपाठ होता. एक लाख दहा हजारांवर माणसं, तीस वर्षं; आठवड्याला किमान दोनदा अर्धं ॲव्होकाडो खाणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका १६ टक्के कमी आढळला. जिभाऊंचा व्हिडिओ इथे संपतो. अभ्यास पुढे जातो: लोणी, चीज, प्रक्रिया केलेलं मांस यांच्या *जागी* ॲव्होकाडो घेतलं तर फायदा दिसतो. आता जिभाऊंचा नाश्ता बघा. बटर आणि चीज घातलेला लोचो, वर सेव, आणि त्या सगळ्याच्या *वर* ॲव्होकाडोच्या चार फोडी. सुरतेत काही काढून टाकायची पद्धत नाही, घालायची आहे.

त्याच वर्षी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोट सुटलेल्या सुमारे हजार अमेरिकनांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक ॲव्होकाडो दिलं. पैसा हॅस ॲव्होकाडो बोर्डाचा, म्हणजे घरचंच कार्य. तरीही पोटातल्या चरबीत फरक पडला नाही. वाईट कोलेस्टेरॉल तेवढं किंचित उतरलं. वरपक्षाने खर्च करूनही नवरदेव रुसलेलाच.

व्याख्यान चालू असताना फोडी काळ्या पडायला लागल्या. आजींनी त्या उचलल्या, तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे भाजले, मीठ घातलं आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने सगळं रगडलं. वर लिंबू पिळलं. मेक्सिकोत दगडी खलात ॲव्होकाडो, मिरची वाटून ग्वाकामोले करतात, ही बातमी आजींपर्यंत पोचलेली नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर तो ठेचा पाच मिनिटांत संपला. जिभाऊंच्या वाट्याला तवा पुसायला आला.

"बरं शे," आजी म्हणाल्या, "पन शेंगदानास्मुये."

कोय मात्र जिभाऊंनी धुऊन रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि डबा गॅलरीत ठेवला. कोयीपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला पाच ते दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात, हे त्यांनी त्याच मोबाइलवर वाचलं. मग बोटांवर हिशोब केला. फ्लॅटचे हप्ते त्याआधी फिटत होते.