मेली असन, बावा!

डिसेंबर सरताना वऱ्हाडातल्या पारावर एक निदान हमखास ऐकू येते. ‘आता कायची अळी! थंडीनं मेली असन, बावा!’ निदान करणाऱ्याच्या कानाला मफलर आणि समोर शेकोटी असते. आपल्याला एवढी थंडी वाजते तर उघड्या अंगाच्या अळीचे काय होत असेल, असा हा सरळ हिशेब. किड्यामुंगीचे आयुष्य चार दिवसांचे, यावर अकोला आणि अमरावती यांचे क्वचितच मतभेद होतात.

किड्यांना मात्र हे कुणी कळवलेले नाही.

मेळघाटात शिरले की रस्त्याकडेला कमरेएवढी वारुळे दिसू लागतात. नागपंचमीला माणसे तिथे नागाला पुजतात. पण घर बांधलेले उधईने, नाग फार तर पोटभाडेकरू. आत खोलवर, जाड मातीच्या बंद कोठडीत राणी पडलेली असते. डोके आणि पाय नेहमीच्या मापाचे, पोट मात्र माणसाच्या बोटाएवढे फुगलेले, पांढुरके, सतत हलणारे. तिला धड चालता येत नाही. कामकरी उधई तिला भरवते, चाटून स्वच्छ ठेवते आणि दिवसाला पडणारी हजारो अंडी उचलून नेते. अशी राणी दहा-पंधरा वर्षे आरामात काढते. शेजारी राजाही असतो. मुंग्या-मधमाश्यांमधले नवरदेव लग्न लागताच मरून मोकळे होतात, हा मात्र जन्मभर बायकोजवळ त्याच कोठडीत राहतो आणि तक्रार केल्याची नोंद नाही. पहिल्या पावसात दिव्याखाली परातभर पाणी ठेवून आपण ज्या पंखवाल्या किड्यांना बुडवतो, त्यातलीच हुकलेली एखादी जोडी हा संसार थाटते.

मुंग्यांच्या राण्याही कमी नाहीत. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक पाळलेली राणी २८ वर्षांहून अधिक जगली. आपल्याकडे तेवढ्या काळात सरकारी खात्यातला माणूस बढत्या घेऊन निवृत्तीच्या कागदांना लागतो.

कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय. पण वयाच्या पंगतीत त्याला वगळता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून बिळाला झाकण लावून राहणाऱ्या कोळ्यांवर लक्ष ठेवले होते. त्यातली ‘सोळा नंबर’ची मादी ४३ वर्षे एकाच बिळात राहिली. २०१६ मध्ये तिच्या बिळाचे झाकण भोसकलेले दिसले. काम एका परजीवी गांधीलमाशीचे होते, म्हाताऱ्या बाईचा मृत्यूही म्हातारपणाने झाला नाही. इंग्लंडमध्ये १९८३ साली एका घराच्या लाकडी जिन्यातून सोनेरी-हिरवा भुंगेरा बाहेर आला, तो ५१ वर्षे अळी म्हणून त्या लाकडात होता असे गिनेस बुकात नोंदले आहे. घरातली माणसे त्याच्यावरून चढ-उतार करत राहिली आणि हा आत कोरडे लाकूड कुरतडत मोठा व्हायचा प्रयत्न करत राहिला.

या सगळ्यात एक गोम आहे. राण्या सोडल्या तर कीटकांचे दीर्घायुष्य म्हणजे बहुतेक नुसते लांबवलेले बालपण. मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यातला एक सिकाडा चार वर्षांनी एकदाच जमिनीतून वर येतो, तोही नेमका फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वर्षी. वर आल्यावर ओरडणे, लग्न आणि मरण, सगळे काही दिवसांत आटोपते. अमेरिकेतले त्याचे भाऊबंद १३ किंवा १७ वर्षे मुळांचा रस पीत बसतात.

वऱ्हाडाला इतके लांब जायची गरज नाही. धान्याच्या कोठीत खपरा असतो. याचा भुंगेरा किरकोळ, पंख असून न उडणारा, चार-आठ दिवसांचा. खरा गडी म्हणजे त्याची तांबूस, केसाळ अळी. जागा गजबजली, अन्न संपले किंवा गारठा पडला की ती पोत्याच्या शिवणीत नाहीतर भिंतीच्या भेगेत शिरते आणि पडून राहते. काही अळ्या अशा स्थितीत सहा वर्षांपर्यंत टिकल्या आहेत. तिची एक सख्खी बहीण-जात तर उपासमारीत कात टाकत टाकत आकारानेच लहान होते आणि दाणा मिळाला की पुन्हा वाढते. कॅलिफोर्नियात १९५३ साली खपरा सापडला, तेव्हा अख्खी गोदामे ताडपत्रीत गुंडाळून आत विषारी वायू सोडावा लागला. त्याचा नायनाट व्हायला दहा वर्षांवर काळ गेला. आपल्याकडे कोठीत कडुनिंबाचा पाला टाकून माणूस निर्धास्त होतो.

आता पारावरची अळी. गुलाबी बोंडअळीचा पतंग जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. हंगामात अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा महिनाभरात पुरा होतो. पण दिवस लहान झाले की शेवटच्या पिढीतली अळी वेगळाच बेत करते. बोंडातल्या दोन सरक्या ती धाग्याने एकमेकींना शिवते, आतले खाऊन जागा करते आणि त्या जोडसरकीत अंगाचे मुटकुळे करून झोपते. वेचणी होते, गाडी जिनिंगला जाते, रुई निघते, तिची झोप मोडत नाही. अशी अळी दोन वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिल्याची उदाहरणे आहेत. उरलेल्या अळ्या किडक्या बोंडांत असतात आणि ती बोंडे लागलेल्या पऱ्हाट्या आपण जळणासाठी घराच्या भिंतीलाच रचून ठेवतो. मेली असन म्हणणारा माणूस पुष्कळदा त्याच ढिगाला टेकून बसलेला असतो.

२०१७ च्या हंगामात या झोपाळू मंडळींनी विदर्भाची कपाशी फस्त केली. बीटी कपाशीतले अळी मारणारे विष अंगी मुरवून त्या आल्या होत्या. तेव्हापासून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला अधिकच कानी पडतो: फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावर पीक राखून घेतलेला कापूस, घेऊ नका, शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्यामेंढ्या सोडा, पऱ्हाट्या हलवा. शेळी हिरव्या बोंडासकट अळीही खाते आणि मजुरी मागत नाही. बियाणे १ जूनआधी शेतकऱ्याला विकू नये असा नियमही काही वर्षे होता. आधी उठलेल्या पतंगाला पाती-फूल दिसले नाही तर तो वंश न वाढवता मरावा, असा त्यामागचा डाव.

विहिरीला पाणी असलेला गडी तेव्हाही मे महिन्यातच कुठून तरी पाकीट पैदा करायचा, ही गोष्ट वेगळी. लवकर लावलेल्या कपाशीला मग डोमकळ्या, म्हणजे अळीने आतून शिवलेली न उमलणारी फुले, दिसू लागतात आणि मादीच्या वासाने पतंग ओढणारे कामगंध सापळे लागतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारा, असा दंडक आहे. सात मोजून झाल्यावर सापळा बंद करणारेही काही कमी नाहीत. आठवा दिसला की फवारणीचा खर्च आला.