साल हिरव्या डब्यात, संघ विमानात

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या स्टेडियममध्ये केळ्याची साल हातात घेऊन फिरू नका. कचऱ्याच्या डब्यापाशी स्वयंसेवक उभा असतो. तो तुमच्या हाताकडे बघतो, गोड हसतो आणि तुम्हाला योग्य डब्याकडे वळवतो. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात आणि २०११ पासून तिथे ‘झिरो वेस्ट’चं व्रत चालू आहे. नव्वद टक्के कचरा डेपोत न जाता कंपोस्टला किंवा पुनर्वापराला गेला, की शून्य कचरा झाला असं धरायचं. नव्वदला शंभर म्हणणारं हे गणित आमच्या शाळेत चाललं नसतं, पण ते असो. २०१२ साली इलिनॉयविरुद्धच्या सामन्याला त्यांनी ९८.२ टक्क्यांपर्यंत मजल मारली होती. लाखभर माणसांनी खाल्लेल्या हॉट डॉगच्या मागे एवढंसंच उरावं, हे आपल्या जत्रांनी जाऊन बघून यावं असं काम आहे.

त्याच्याही आधी, २००८ साली, कोलोराडो विद्यापीठाने आपल्या क्रीडा विभागात अशीच मोहीम काढली आणि तिला ‘रॅल्फी’चं नाव दिलं. रॅल्फी म्हणजे त्यांची खरीखुरी बायसन मादी. सामन्याआधी मैदानावर धावते. संपूर्ण क्रीडा विभागात तिचाच प्रवास सगळ्यात पर्यावरणस्नेही असावा.

कारण बाकीचे विमानात आहेत.

गोष्ट अशी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांची ‘पॅक-१२’ नावाची एक कॉन्फरन्स होती. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांत नियमाने खेळणाऱ्या विद्यापीठांची जमात. हिचं मूळ १९१५ सालचं. २०१८ मध्ये या मंडळींनी ‘टीम ग्रीन’ काढली. एकेका विद्यापीठाने नव्हे, अख्ख्या कॉन्फरन्सने हिरवं व्हायचं. कोणाच्या स्टेडियममध्ये कचरा कमी, याची आपापसात स्पर्धा लागे. परिषदा भरत, सत्रं होत. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बारातली दहा विद्यापीठं ही जमात सोडून गेली. मागे राहिली दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

गेलेल्यांतली चार कुठे गेली? लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी, शिवाय ओरेगन आणि वॉशिंग्टन, ही ‘बिग टेन’मध्ये. बिग टेनचा जन्म १८९६ चा, मध्यपश्चिमेतल्या शेजाऱ्यांचा. आता तिच्यात अठरा विद्यापीठं आहेत, नावात मात्र अजून दहाच. पूर्वेला न्यू जर्सीचं रटगर्स, पश्चिमेला थेट प्रशांत महासागर. लॉस एंजेलिसहून रटगर्सला जायचं तर एका बाजूने सुमारे चार हजार किलोमीटर. म्हणजे मुंबईहून गुवाहाटीला जाऊन परत मुंबईला या, तेवढं. ते झालं फक्त जाणं. मग मॅच हरा आणि परत या.

ढोबळ हिशेब करू. बोइंग ७३७ सारखं विमान ताशी अडीच टनाच्या आसपास इंधन पितं. पाच तासांचं उड्डाण धरलं तर साडेबारा टन. एक टन इंधन जळालं की तीन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. तेव्हा एक खेप चाळीसेक टनांची, जाऊन-येऊन ऐंशी. सरासरी भारतीय माणूस वर्षाला दोन टनांच्या आसपास हवेत सोडतो. म्हणजे चाळीस भारतीयांनी वर्षभर स्वयंपाक केला, दिवे लावले, बसने फिरले, तेवढं एका संघाने एका शनिवारसाठी जाळलं. आणि तिकडे स्टेडियममध्ये स्वयंसेवक सॉसची पुडी कुठल्या डब्यात जाते ते समजावून सांगतोय. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, ही म्हण कोणीतरी यांच्यासाठी इंग्रजीत करून द्यायला हवी.

हे सगळं कशासाठी, हे विचारायचं कारण नाही. बिग टेनने २०२२ साली फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरहून मोठा. टीव्हीला दुपारी एक सामना हवा, उन्हं उतरताना दुसरा, रात्री तिसरा. पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठं हाताशी असली की पूर्वेकडे मध्यरात्र होत आली तरी दाखवायला काहीतरी ताजं असतं. सूर्य उगवतो पूर्वेला आणि मावळतो पश्चिमेला, याचे एवढे पैसे आजवर फक्त ज्योतिष्यांनाच मिळत आले होते.

गंमत म्हणजे पैसा आहे फुटबॉलचा, पण वरातीत सगळ्यांनाच नाचावं लागतं. फुटबॉलचा संघ हंगामात बाराच्या आसपास सामने खेळतो, त्यातले निम्मे घरी. म्हणजे तो फार उडतच नाही. उडतात व्हॉलीबॉलच्या, सॉकरच्या, सॉफ्टबॉलच्या मुली. त्यांचे सामने जास्त आणि कित्येकदा तेही आठवड्याच्या मधल्या वारांना. यूसीएलएचे तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनी डिसेंबर २०२३ मध्येच सुचवलं होतं की फुटबॉलला वेगळं काढा, बाकीच्या खेळांना आपल्या शेजाऱ्यांशी खेळू द्या. एवढं साधं आणि शहाणं बोलणं फुटबॉलच्या प्रशिक्षकाने बोलावं, आणि ‘टीम ग्रीन’च्या परिषदांमधून आलेल्या प्रशासकांनी ऐकून सोडून द्यावं.

जुन्या पॅक-१२ मध्ये एक पद्धत होती. विद्यापीठांच्या जोड्या लावलेल्या असत, जवळजवळच्या. पाहुणा बास्केटबॉल संघ लॉस एंजेलिसला आला की गुरुवारी एकाशी खेळे आणि शनिवारी त्याच शहरातल्या दुसऱ्याशी. एका तिकिटात दोन सामने. ही युक्ती पर्यावरण समितीने काढलेली नव्हती. तिच्यावर हिरवं पान छापलेलं नव्हतं, तिचा अहवाल निघत नव्हता, तिला बक्षीस मिळत नव्हतं. पैसे आणि दमछाक वाचावी म्हणून कोणा हिशेबी माणसाने आखलेलं साधं वेळापत्रक होतं ते. कॉलेजच्या खेळातली सगळ्यात हिरवी गोष्ट तीच होती आणि विकायला निघाली तेव्हा कोणाला तिची किंमतही लावावीशी वाटली नाही. डबे मात्र तिन्ही रंगांचे शाबूत आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने, म्हणजे यूसीएलए आणि बर्कली ज्या घरातली त्या घराने, २०१३ साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत आम्ही कार्बनचा हिशेब शून्यावर आणू. बारकाईने वाचलं तर त्यात विद्यापीठाने स्वतः जाळलेला गॅस, त्याच्या गाड्या आणि विकत घेतलेली वीज होती. विमानप्रवास त्या वायद्यात धरलेलाच नव्हता. या हिशेबात तीन वह्या असतात आणि प्रवास येतो तिसरीत. पहिल्या दोन वह्या पाहुण्यांना दाखवायच्या. पुढे २०२३ मध्ये मुदतही हलली आणि थेट २०४५ वर गेली. मधल्या काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, याच विद्यापीठाच्या नियामक मंडळाने यूसीएलएच्या बिग टेनमध्ये जाण्याला मान्यता दिली. अटी घातल्या, नाही असं नाही. खेळाडूंच्या आहारावर खर्च करा, मानसिक आरोग्यावर करा, प्रवासात अभ्यासाला मदत द्या, मागे राहणाऱ्या बर्कलीला पैसे द्या. आधी मुलांना दमवायचं ठरवलं आणि मग दमल्यावर काय द्यायचं याची यादी केली.

इथे कोणी म्हणेल, आमच्याकडे बघा. खरंच बघा. आपल्या विद्यापीठांच्या स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज घेते आणि अनेक खेळांत आधी विभागवार खेळवते. पश्चिम विभागातले आधी आपापसात भिडतात, त्यातले निवडक पुढे जातात. प्रवास एसटीने किंवा स्लीपर क्लासने, तिकीट बहुधा वेटिंगवर, रात्री जेवण म्हणून वडापाव. कार्बनच्या दृष्टीने आपण जगाला धडा घालून द्यावा असे आहोत. त्यामागे पर्यावरण नसून भत्ता आहे, हे मात्र अमेरिकेला कळू देऊ नका. आणि उद्या कोणी चॅनेलवाला पैशांची थैली घेऊन आला, तर सोलापूरचा संघ शिलाँगला उडवायला आपणही एका बैठकीत तयार होऊ. ठरावाच्या प्रतीवर ‘कागद वाचवा’ असं छापलेलं असेल.

आता राहिलं स्टॅनफर्ड. मुलगा एमएसला कॅलिफोर्नियात असलेल्या मराठी घरांत हे नाव दर्शनाला जाण्याच्या सुरात घेतात, म्हणून शेवटी घेतो. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांच्यातला वार्षिक सामना ‘बिग गेम’ म्हणून ओळखला जातो. दोन्ही कॅम्पसमध्ये गाडीने तासाभराचं अंतर. १९६३ साली केनेडींची हत्या झाली तेव्हा हा सामना पुढे ढकलला होता. त्यानंतर ढकलला तो २०१८ मध्ये, ‘टीम ग्रीन’च्याच वर्षी. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॅम्प फायर वणव्याचा धूर इतका होता की मैदानावर श्वास घेणं धोक्याचं झालं. एवढा इशारा मिळाल्यावर दोघांनी काय केलं? २०२४ मध्ये दोघेही पॅक-१२ सोडून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये दाखल झाले. राहायला प्रशांत महासागराच्या काठी, सामने बॉस्टन ते मायामी. बरं, मोठं घबाड मिळालं म्हणावं तर तेही नाही. टीव्हीच्या पैशातला वाटा पहिली सात वर्षं इतरांच्या तीस टक्केच.

स्टॅनफर्डने २०२२ मध्ये शाश्वत विकासाचं स्वतंत्र स्कूल उघडलं. जॉन डोअर या गुंतवणूकदाराने आणि त्यांच्या पत्नीने त्याला १.१ अब्ज डॉलर दिले. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रबंधाच्या विषयासाठी आता कॅम्पसबाहेर जायची गरज नाही, क्रीडा विभाग शेजारीच आहे. फक्त मुलाखतीची वेळ आधी ठरवून घ्यावी. खेळाडू तिकडे पूर्वेच्या शार्लटला उतरलेले असू शकतात.