पुन्हा एकदा, कृपया

डेस्कटॉपवरच्या मेल-प्रोग्रॅमची पासवर्ड-चौकट म्हणजे पहारेदारीचा आदर्श. पासवर्ड बरोबर असला तरी ती पुन्हा विचारते. ‘लक्षात ठेवा’समोरची खूण शोभेची.

गूगलने ३० मे २०२२ पासून जीमेलचा नेहमीचा पासवर्ड जुन्या पद्धतीच्या मेल-प्रोग्रॅमसाठी बाद केला. आता दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड घ्यायचा. चौकट मात्र याबद्दल अवाक्षर काढत नाही. राज्यगुपितच ते!

रेल्वेनेही हा बाणा घ्यावा. परळी–लातूर रोड मार्गावर घाटनांदूरला उतरणाऱ्याकडे तपासनिसाने तिकीट मागावे, पाहावे, परत द्यावे, पुन्हा मागावे. पुढची गाडी येईपर्यंत. तिकीट जुन्या छापाचे आहे, एवढे मात्र सांगू नये.

चोराला हा जाच नाही. तो फोन करतो, ओटीपी एकदाच विचारतो आणि त्याला तो मिळतो.